लेपाखालचा गंज

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात खाडीच्या जवळ ज्यांची शाळा आहे त्यांना हे दृश्य परिचयाचे असेल. व्हरांड्याच्या स्लॅबखालचा गिलावा आधी फुगतो, मग त्याला सळईच्या रेषेत तडा जातो आणि एखाद्या पावसाळ्यात त्याचा पोपडा खाली येतो. आत तपकिरी, पापुद्रे सुटलेल्या सळ्या दिसू लागतात. गवंडी येऊन तारेच्या ब्रशने त्या घासतो, वर सिमेंटचा हात देतो आणि जातो. दोन-तीन वर्षांनी नेमका शेजारचा भाग फुगतो. कारण विचारले की आपण सगळेच म्हणतो, 'खारी हवा'. हे खरेच आहे. पण हवा तर बाहेर असते आणि सळई काँक्रीटच्या आत. मीठ तिथवर पोचते कसे आणि त्याला अडवायचे कसे, या प्रश्नाने गेली साठ-सत्तर वर्षे पूल बांधणाऱ्यांना हैराण केले आहे. त्यावरच्या एका उपायाचा, सळईला हिरव्या रंगाचा लेप देण्याच्या उपायाचा, इतिहास आपण येथे पाहणार आहोत. तो वर्गात सांगण्याजोगा आहे. त्यात प्रयोग नीट केलेले होते, त्यांचे आकडे खरे होते, आणि तरीही समुद्रातले खांब सहा वर्षांत गंजले.

सळई काँक्रीटमध्ये गंजत का नाही?

खरे तर नवल वाटायला हवे ते सळई गंजल्याचे नव्हे, न गंजल्याचे. काँक्रीट दिसायला दगडासारखे असले तरी आतून ते बारीक छिद्रांचे असते आणि त्या छिद्रांत पाणी असते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली म्हणजे गंज चढायला हवा. तो चढत नाही याचे कारण त्या पाण्याच्या गुणधर्मात आहे. सिमेंटचा पाण्याशी संयोग होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. त्यामुळे छिद्रांतले पाणी चुन्याच्या निवळीसारखे, किंबहुना तिच्याहूनही तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२.५ ते १३च्या आसपास असतो. अशा पाण्यात लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार होतो आणि तो खालच्या धातूला राखतो. घासलेला खिळा चुन्याच्या निवळीत टाकून बाटलीला घट्ट बूच लावले तर तो कित्येक आठवडे चकचकीत राहतो. त्याच निवळीत चमचाभर मीठ घातले की काही दिवसांत त्यावर तपकिरी ठिपके उठतात. हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल.

मिठातला क्लोराइड आयन या पापुद्र्याला जागोजागी भोके पाडतो. जिथे भोक पडते तिथे लोखंड विरघळू लागते. ही जागा म्हणजे धनाग्र. सुटलेले इलेक्ट्रॉन सळईतून वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी ते स्वीकारतात. ही जागा म्हणजे ऋणाग्र. एकाच सळईवर, कधी काही सेंटिमीटर अंतरावर तर कधी दोन वेगळ्या सळ्यांवर, असा विद्युतघट चालू होतो. क्लोराइड या क्रियेत खर्ची पडत नाही, पुनःपुन्हा मोकळा होतो. म्हणून ते थोडेही पुरते. घनमीटरभर काँक्रीटचे वजन सुमारे २४०० किलो असते. त्यात सळईजवळ पाऊण किलोच्या आसपास क्लोराइड साठले तरी गंज सुरू होऊ शकतो. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. आतून ढकलले गेले की ते फाटते.

गवंड्याने ठिगळ लावल्यावर शेजारचा भाग का फुगतो, याचे उत्तरही यातच आहे. गंजणारी जागा धनाग्र असते तोवर तिच्या आजूबाजूची सळई ऋणाग्र म्हणून सुरक्षित असते. ठिगळातल्या ताज्या सिमेंटने ती जागा पुन्हा अल्कधर्मी झाली, की धनाग्राची भूमिका शेजारच्या, आधीच मीठ मुरलेल्या भागाकडे येते.

मीठ आणि रस्ते

पुलांच्या सळ्यांचा प्रश्न जगापुढे मोठ्या प्रमाणावर आला तो मात्र समुद्रकिनाऱ्यावर नव्हे, तर अमेरिकेच्या बर्फाळ उत्तर भागात. आइस्क्रीमच्या पॉटात बर्फावर मीठ का घालतात हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असते. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या, आणि हिवाळ्यातही रस्ते बर्फमुक्त ठेवायचे, असे तिथल्या राज्यांनी ठरवले. रस्त्यांवर मीठ पसरले जाऊ लागले. १९५५च्या सुमारास वर्षाला सुमारे दहा लाख टन असलेला हा वापर पुढच्या पंधरा वर्षांच्या आत एक कोटी टनांच्या जवळ गेला. वितळलेले खारे पाणी पुलांच्या स्लॅबमध्ये मुरले. पन्नास वर्षे टिकतील म्हणून बांधलेल्या स्लॅबांना पाच-दहा वर्षांतच खड्डे पडू लागले.

क्लोराइडमुळे सळई गंजते, हे तोवर अज्ञात नव्हते. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर १९२९ साली बांधलेल्या सॅन मातेओ-हेवर्ड पुलाच्या गंजाचा अभ्यास रिचर्ड स्ट्रॅटफुल या अभियंत्याने १९५७ साली प्रसिद्ध केला होता. काँक्रीट न फोडता, पृष्ठभागावर तांबे-मोरचुदाचा अर्धघट टेकवून आतल्या सळईचे विभव मोजायची रीत रुळवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण तो एका खाऱ्या पाण्यावरच्या पुलाचा प्रश्न होता. आता प्रश्न हजारो पुलांचा झाला.

सत्तेचाळीस लेप

सळईलाच रंग द्यावा, ही कल्पना कोणालाही सुचेल. अडचण अशी की खिडकीच्या गजाला चालणारा रंग इथे चालत नाही. सळईने काँक्रीटला घट्ट धरले पाहिजे. मधला थर मऊ किंवा गुळगुळीत असला तर भार आला की सळई आतल्या आत सरकेल. लेप वाकवल्यावर तडकता कामा नये, कारण सळ्या वाकवाव्याच लागतात. आणि तो क्लोराइडला वाट देता कामा नये.

अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने हे काम मेरिलँडमधील गेथर्सबर्ग येथे असलेल्या राष्ट्रीय मानक संस्थेकडे सोपवले. जेम्स क्लिफ्टन, ह्यू बीघली आणि रॉबर्ट मेथी यांनी एकूण ४७ लेप तपासले. त्यांत इपॉक्सी राळेचे अनेक प्रकार होते, तसेच पीव्हीसी, पॉलियुरेथेन यांसारखेही होते. लेप दिलेल्या सळ्या खाऱ्या पाण्यात ठेवल्या, वाकवल्या, काँक्रीटमध्ये पुरून ओढून पाहिल्या. पीव्हीसीने गंज चांगला अडवला, पण काँक्रीटमधली पकड सैल पडली, म्हणून तो बाद झाला. शेवटी चार इपॉक्सी उरल्या आणि त्या चारही द्रवरूप नव्हत्या, भुकटीच्या होत्या.

ही भुकटी नवीन नव्हती. तेल-वायूच्या जमिनीखालच्या नळांवर ती साठच्या दशकापासून वापरली जात होती. तिची पद्धत पाहण्यासारखी आहे. सळईवर आधी पोलादी छर्‍यांचा मारा करून ती पांढरी, खरखरीत करतात. मग ती सुमारे २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि स्थितिविद्युत भारित भुकटीच्या फवाऱ्यातून नेतात. भुकटी तापलेल्या पोलादाला चिकटते, वितळते, तिच्यातली रासायनिक जोडणी काही सेकंदांत पुरी होते आणि सळई पाण्याखाली गार केली जाते. तयार होणारा थर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो. बहुधा त्याचा रंग हिरवा असतो. या थरात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहिलीच तर ती शोधायला ६७.५ व्होल्टचे ओल्या स्पंजाचे यंत्र असते. छिद्र आले की ते वाजते. अशा छिद्राला या धंद्यात 'हॉलिडे', म्हणजे सुट्टी, म्हणतात. रंगाऱ्याचा ब्रश त्या जागी सुट्टीवर गेला, असा त्याचा अर्थ!

क्लिफ्टन आणि सहकाऱ्यांचा अहवाल १९७४ साली निघाला. पण त्याआधीच, १९७३ साली, फिलाडेल्फियाजवळ वेस्ट कॉन्शोहॉकन येथे स्कुलकिल नदीवरच्या पुलाच्या स्लॅबमध्ये हिरव्या सळ्या बसल्या होत्या. इतकी निकड होती. दरवर्षी नव्या स्लॅबांवर मीठ पडतच होते आणि जुन्या स्लॅबांच्या दुरुस्तीचा खर्च वाढतच होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत बहुतेक बर्फाळ राज्यांनी हा उपाय स्वीकारला. काही काळ तर एक काटकसरही चालली. मीठ वरून येते, तेव्हा स्लॅबच्या वरच्या जाळीतल्या सळ्यांनाच लेप द्यावा आणि खालची जाळी उघडी ठेवावी, असा हिशेब होता. या काटकसरीकडे आपण पुढे पुन्हा वळू.

लाँग की

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून समुद्रात बेटांची एक लांब माळ गेली आहे. तिला 'कीज' म्हणतात. हेन्री फ्लॅगलर या उद्योगपतीने या बेटांवरून समुद्र ओलांडत जाणारा रेल्वेमार्ग बांधला आणि १९१२ साली तो की वेस्टपर्यंत पोचला. १९३५च्या वादळाने तो मोडला आणि १९३८ साली त्याच्याच पुलांवरून मोटाररस्ता सुरू झाला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हे जुने, अरुंद पूल बदलायचे ठरले. एकूण ३७ पूल नव्याने बांधण्यात आले. त्यांतला सर्वांत लांब सेव्हन माईल पूल, जवळजवळ अकरा किलोमीटरचा, १९८२ साली खुला झाला. खाऱ्या पाण्यात काम असल्यामुळे यांतल्या मोठ्या पुलांच्या खांबांत हिरव्या सळ्या घालण्यात आल्या. त्या काळच्या ज्ञानानुसार यापेक्षा चांगला निर्णय घेता आला नसता, असे आम्हांला वाटते.

१९८६ साली लाँग की पुलाच्या खांबांवर तडे आणि गंजाचे ओघळ दिसले. पूल होऊन सहाच वर्षे झाली होती. नंतर सेव्हन माईल आणि नाईल्स चॅनल पुलांवरही तेच आढळले. नुकसान होते ते लाटांचे पाणी उडते त्या पट्ट्यात, म्हणजे भरतीच्या पातळीच्या वर साधारण अर्ध्या मीटरपासून दोन-अडीच मीटरपर्यंत. पाण्याखाली ऑक्सिजन फार कमी पोचतो. फार वर मीठ कमी पोचते. मधल्या पट्ट्यात दोन्ही भरपूर. तिथे काँक्रीट भिजते, उन्हाने वाळते, पुन्हा भिजते आणि प्रत्येक वेळी थोडे मीठ आत ठेवून जाते.

योगायोग असा की त्याच वर्षी, १९८६च्या जुलैत, पणजीचा मांडवी नदीवरचा पूल कोसळला. त्यालाही जेमतेम पंधरा-सोळा वर्षे झाली होती. पणजीच्या माणसांना पुन्हा फेरीबोटींच्या रांगेत उभे राहावे लागले. त्या पुलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे हिरव्या सळ्या नव्हत्या. पूर्वताणित काँक्रीटमधल्या, ओढून ताणून ठेवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या, आणि अशी तार गंजून तुटते तेव्हा सळईसारखी ओघळ दाखवून आधी सूचना देईलच असे नसते. दोन पुलांची सरमिसळ करू नये. पण खाऱ्या, उष्ण हवेत काँक्रीटच्या आतले पोलाद किती झपाट्याने जाऊ शकते, याची जाणीव आपल्याकडच्या अभियंत्यांना त्या वर्षी झाली, हे नमूद करायला हवे.

लेपाखाली काय घडले?

कीजमधल्या खांबांचे काँक्रीट फोडून सळ्या बाहेर काढल्या तेव्हा तपासणाऱ्यांना चमत्कारिक गोष्ट दिसली. लेप पुष्कळ ठिकाणी शाबूत होता. पण चाकूच्या टोकाने उचलला की तो केळीच्या सालीसारखा निघून येत होता. त्याखाली काळपट गंज होता, आणि काही फोडांत द्रव होता. त्या द्रवाचा सामू पाचच्या आसपास होता. म्हणजे बाहेर काँक्रीटचे तीव्र अल्कधर्मी पाणी, आणि पाव मिलिमीटरपेक्षाही पातळ पडद्याच्या आत आम्ल! लोखंड विरघळून झालेल्या आयनांची पाण्याशी क्रिया होऊन आम्ल तयार होत होते आणि पडद्यामुळे ते बाहेर पडून उदासीन होऊ शकत नव्हते. जो लेप मिठाला बाहेर ठेवण्यासाठी होता तो आता आम्लाला आत ठेवत होता.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले अल्बेर्तो सागुएस आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा दीर्घ अभ्यास केला. त्यातून कारणांची जी साखळी उभी राहिली तिच्यात कोणताही एक दुवा 'गुन्हेगार' म्हणून दाखवता येत नाही. काँक्रीट पाण्याला बऱ्यापैकी वाट देणारे होते. कव्हर काही ठिकाणी अपुरे होते. सळ्या लेप दिल्यानंतर वाकवलेल्या होत्या. वाकाच्या बाहेरच्या अंगाला लेप ताणला जातो आणि तडकला नाही तरी त्याची चिकट कमी होते. साइटवर सळ्या खाऱ्या हवेत, उन्हात पडून होत्या. मग त्या क्रेनने उचलल्या, ओढल्या, बांधल्या, त्यांवर माणसे चालली, काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर त्यांना घासला. लेपाला जखमा झाल्या. सुरुवातीची मानके अशा थोड्याफार जखमा क्षम्य मानत असत. या एकेका गोष्टीने पूल गंजला नसता.

पण साखळीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा याहून सूक्ष्म होता. इपॉक्सी जलरोधक समजली जाते, पण तिच्यातून पाण्याचे रेणू हळूहळू पार होतात. क्लोराइड अडते, पाणी अडत नाही. सतत ओल्या आणि उबदार काँक्रीटमध्ये महिने, वर्षे गेली की हे पाणी लेप आणि पोलाद यांच्या सीमेवर पोचते आणि चिकट सैल करते. शिवाय ऋणाग्र-क्रियेत हायड्रॉक्साइड आयन तयार होतात, तेही जखमेच्या कडेने लेप उचलतात. एकदा लेप सुटला की जखमेतून शिरलेले क्लोराइड त्याखाली पसरू शकते. म्हणजे लहानशी जखम लहान राहत नाही.

आता गेथर्सबर्गच्या प्रयोगांकडे पुन्हा पाहू. क्लोराइड लेपातून आत जाते का? जात नव्हते. पकड पुरेशी आहे का? होती. वाकवल्यावर तडकतो का? चांगले लेप तडकत नव्हते. हे तिन्ही निष्कर्ष आजही खोटे ठरलेले नाहीत. मात्र वाकवलेला, थोडा जखमी लेप अनेक वर्षे भिजत राहिल्यावरही पोलादाला चिकटून राहतो का, हे कोणी विचारलेले नव्हते. दोन वर्षांच्या प्रयोगाने दहा वर्षांची ओल दाखवणे अवघडच होते. नळांवरचा अनुभव हाताशी होता, पण तिथे बहुधा लेपाच्या जोडीला ऋणाग्री संरक्षण म्हणून बाहेरून वीजप्रवाह दिलेला असतो. लेपातली छिद्रे तो प्रवाह सांभाळून घेतो. पुलातल्या सळईला असा सोबती नव्हता.

जखमेचा परिणाम वर्गात दाखवता येतो. आगर-आगर गरम पाण्यात विरघळवून त्यात थोडे मीठ, चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब घालावेत. (या क्षाराचा आम्लाशी संबंध येऊ देऊ नये.) एका खिळ्याला नखांच्या पारदर्शक पॉलिशचे दोन हात देऊन वाळू द्यावे आणि ब्लेडने त्यावर एकच बारीक चरा काढावा. दुसरा खिळा तसाच उघडा ठेवावा. दोन्ही खिळ्यांच्या टोकांना तांब्याची सारखीच पट्टी तारेने जोडून ते वेगवेगळ्या बशांत ठेवावेत आणि त्यांवर कोमट मिश्रण ओतावे. काही तासांनी तांब्याभोवती गुलाबी रंग येतो; ते ऋणाग्र. उघड्या खिळ्याभोवती निळा रंग लांबीभर पसरतो. चरा काढलेल्या खिळ्यावर मात्र सगळी निळाई त्या एका रेघेवर गोळा होते. मोठे ऋणाग्र आणि चिमुकले धनाग्र अशी जोडी जमली की धातू खोलवर खाल्ला जातो.

वरच्या जाळीलाच लेप देण्याच्या काटकसरीत नेमकी हीच जोडी तयार होत होती. खालची उघडी जाळी तारांनी व आधारांनी वरच्या जाळीशी जोडली गेली की ती भलेमोठे ऋणाग्र बनते आणि वरच्या जाळीतल्या मोजक्या जखमा धनाग्र. महामार्ग प्रशासनाच्या ऐंशीच्या दशकातल्या प्रयोगांत दोन्ही जाळ्या लेपित असलेले स्लॅब बरेच सरस ठरले. कारण लेपामुळे ऋणाग्रालाही जागा उरत नाही.

वाद

यानंतरचा वाद तीव्र होता. केनेथ क्लियर या अभियंत्याने सत्तरच्या दशकात महामार्ग प्रशासनात असताना सळ्यांच्या गंजाचे दीर्घकालीन प्रयोग चालवले होते. या क्षेत्रातले ते अधिकारी नाव. १९९२ साली त्यांनीच लिहिले की उत्तर अमेरिकेच्या खाऱ्या परिस्थितीत हा लेप पुलाचे आयुष्य चाळीस वर्षांनी नव्हे, जेमतेम तीन ते सहा वर्षांनी वाढवील. लेपित सळ्यांच्या उद्योगाने याला कडाडून विरोध केला. त्यांच्या बाजूनेही पुरावा होता. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क अशा राज्यांत वीस वर्षांच्या स्लॅबांतून काढलेले कितीतरी नमुने ठणठणीत होते. व्हर्जिनियात रिचर्ड वायर्स आणि सहकाऱ्यांनी मात्र स्लॅबांतल्या सळ्यांवरही, गंज नसताना, लेपाची चिकट गेलेली दाखवली.

दोन्ही बाजूंचे नमुने खरे होते. बर्फाळ प्रदेशातला स्लॅब वर्षातले काही महिनेच ओला-खारा असतो, थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात, आणि वरून दाट काँक्रीट असले तर मीठ पोचायलाच वेळ लागतो. कीजमधला खांब बारा महिने उबदार खाऱ्या पाण्यात उभा असतो. एका ठिकाणचे यश दुसऱ्या ठिकाणी लावता येत नाही. फ्लोरिडाने हिरव्या सळ्या सोडल्या आणि काँक्रीटच दाट करण्यावर भर दिला. सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्रांतली राख मिसळली, पाणी कमी केले, कव्हर वाढवले. व्हर्जिनियाने २०१०च्या सुमारास लेपाऐवजी मुळातच कमी गंजणारे पोलाद वापरायचे धोरण धरले. अमेरिकेतली इतर अनेक राज्ये मात्र पुलांच्या स्लॅबांत हिरव्या सळ्या आजही घालतात. मानकेही कडक झाली आहेत. थर जाड झाला, छिद्रांची मर्यादा घटली, दिसेल ती प्रत्येक जखम बुजवण्याचा नियम आला.

लेप द्यायचाच तर सळ्या वाकवून, जोडून झाल्यावर का देऊ नये? डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीखालच्या रेल्वे बोगद्यासाठी नव्वदच्या दशकात हेच केले. अस्तराच्या प्रत्येक तुकड्याचा सळ्यांचा सांगाडा आधी जोडून, तापवून, इपॉक्सीच्या हवेने तरंगत्या भुकटीत अख्खा बुडवला. पण कारखान्यात ओतायच्या एकसारख्या तुकड्यांना हे जमते. साइटवर बांधायच्या पुलाला जमणे कठीण.

आपल्याकडचा मार्ग

भारतात या प्रश्नावर एक निराळा विचार झाला. तमिळनाडूतील कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेने सळईला गंजरोधक मिसळलेल्या सिमेंटच्या रबडीचा लेप देण्याची पद्धत काढली. सळई आधी आम्लयुक्त द्रावणाने साफ करायची, मग फॉस्फेटचा थर, मग सिमेंटचा लेप, आणि शेवटी तो बुजवणारे द्रावण. १९७९च्या भारतीय मानकाने (आयएस ९०७७) सळ्यांच्या संरक्षणाची अशी कार्यपद्धती सांगितली. या कल्पनेतली खुबी अशी की लेप स्वतःच अल्कधर्मी असतो. तो सळईला काँक्रीटपासून तोडत नाही, उलट काँक्रीटचाच संरक्षक गुण तिच्या अंगाला आणखी जवळ आणतो. शिवाय सळ्या वाकवून झाल्यावर साइटवरच तो देता येतो. उणीव तिथेच आहे. ब्रश मारणारा मजूर, धुण्याचे पाणी, वाळायला दिलेला वेळ, सगळे साइटच्या शिस्तीवर अवलंबून असते, आणि थर ठिसूळ असल्याने उचलताना उडतो.

भुकटीच्या इपॉक्सीचे भारतीय मानक, आयएस १३६२०, १९९३ साली आले. क्लियर यांचा लेख येऊन एक वर्ष झाले होते. आपल्या किनाऱ्याची हवा पेनसिल्व्हेनियापेक्षा कीजला कितीतरी जवळची आहे. मानकात गुणवत्तेच्या अटी आहेत. पण लेपित सळईला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी उचलणे, लेप दिलेल्याच तारेने बांधणे, कापलेली टोके त्याच दिवशी रंगवणे, ही कामे साइटवर कोण आणि किती निष्ठेने करतो यावर सारे ठरते. साध्या बाइंडिंग वायरने आवळलेली, जमिनीवरून फरफटत नेलेली हिरवी सळई उघड्या सळईपेक्षा किती बरी, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

लेप न देताही मार्ग काढलेला एक धक्का मेक्सिकोत युकातान किनाऱ्यावर प्रोग्रेसो येथे आहे. १९३७ ते १९४१ या काळात बांधलेल्या या सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या धक्क्यात स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घातल्या होत्या. हवा उष्ण, समुद्र खारा, काँक्रीटही फारसे दाट नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तपासणी झाली तेव्हा त्यात गंजाची मोठी खूण नव्हती. त्याच्या शेजारी सुमारे तीस वर्षांनंतर साध्या सळईने बांधलेल्या धक्क्याचे समुद्रात मोडके अवशेषच तेवढे उरले होते. स्टेनलेस सळई साध्या सळईच्या कितीतरी पट महाग पडते. साध्या सळईचा धक्का एकदा पाडून पुन्हा बांधण्याचा खर्च त्या हिशेबात धरला जात नाही, एवढेच.

कीजमधल्या पुलांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. तिथे साधी ठिगळे टिकली नाहीत. का टिकली नाहीत हे आपण पाहिलेच आहे. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून फ्लोरिडाच्या अभियंत्यांनी खांबांचे सुटलेले काँक्रीट काढले, उघड्या पडलेल्या सळ्यांवरचा उरलासुरला लेप वाळूच्या माऱ्याने खरवडला आणि सळ्यांसकट काँक्रीटच्या पृष्ठभागावर वितळलेले जस्त फवारले. भरतीचे पाणी चढते तिथे खांबांना जस्ताच्या जाळीची वेष्टने घातली. जस्त लोखंडापेक्षा अधिक सहज विरघळते, म्हणून ते धनाग्र होते आणि सळई ऋणाग्र. लाटांनी भिजलेले खारे काँक्रीट, ज्याने सळ्या गंजवल्या, तेच आता या घटातला विद्युतवाहक द्राव म्हणून उपयोगी पडते. खांबांच्या उंच, कोरड्या भागावर हा प्रवाह कमी पडतो, हेही दिसून आले आहे. जस्त विरघळून संपत आले की ते पुन्हा फवारावे लागते.